क्लोज एन्काउंटर्सच्या मागची तीस वर्षं: मिशिगनची दलदल ते खोपोलीजवळचं हाळ

माणसांची परग्रहवासीयांशी गाठ पडते त्यावरचा स्पीलबर्गचा पिक्चर 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये आला, म्हणजे अमेरिकेत उडत्या तबकड्यांची चर्चा सुरू झाली त्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती. हे सगळं एका भन्नाट डायरेक्टरच्या डोक्यातून निघालं असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि डोकं भन्नाट आहेच, पण यातल्या कितीतरी प्रसंगांसारख्या घटना आधीच सरकारी फायलींत आणि पोलिसांच्या जबान्यांत नोंदलेल्या होत्या, आणि ते माहीत असलं की पिक्चर वेगळाच दिसायला लागतो.

२४ जून १९४७ ला केनेथ अरनॉल्ड नावाचा एक बिझनेसमन स्वतःचं छोटं विमान घेऊन वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळून चालला होता, तेव्हा त्याला नऊ चमकत्या वस्तू प्रचंड वेगाने जाताना दिसल्या. पेपरवाल्यांनी बातमी उचलली आणि मग त्या उन्हाळ्यात जिकडून तिकडून तबकड्या दिसल्याच्या खबरी यायला लागल्या. शीतयुद्ध नुकतंच सुरू झालेलं, त्यामुळे एअरफोर्सला खरी काळजी होती ती रशियाची, परग्रहवासी वगैरे नंतरची गोष्ट. त्यांनी १९४८ मध्ये या खबरी तपासायला 'प्रोजेक्ट साइन' सुरू केलं, त्याचं पुढे 'ग्रज' आणि १९५२ मध्ये 'ब्लू बुक' झालं.

आता या सगळ्या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा माणूस, जे. ॲलन हायनेक. हा ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत खगोलशास्त्र शिकवायचा, एअरफोर्सने त्याला सल्लागार म्हणून घेतलं आणि काम दिलं की आलेले रिपोर्ट वाचायचे आणि यातलं शुक्र कुठलं, उल्का कुठली, हवामानाचा फुगा कुठला ते सांगायचं. सुरुवातीला त्यालाही हे सगळं खूळच वाटायचं, आणि बहुतेक रिपोर्ट तसे निघायचेसुद्धा. पण वर्षानुवर्षं साक्षीदारांशी बोलल्यावर त्याला जाणवायला लागलं की यात पायलट आहेत, पोलीस आहेत, रडारवर बसणारी माणसं आहेत, आणि ही माणसं खोटं बोलत नाहीयेत. ब्लू बुक १९६९ मध्ये बंद झालं तेव्हा एकूण १२,६१८ नोंदी होत्या आणि त्यातल्या ७०१ चा उलगडा झालेला नव्हता.

मार्च १९६६ मध्ये मिशिगनमध्ये डेक्स्टर आणि हिल्सडेल इथे लोकांनी रात्री दिवे बघितले, हिल्सडेलला तर कॉलेजच्या होस्टेलमधल्या ऐंशीहून जास्त मुलींनी. हायनेक तिथे गेला, आणि प्रेस कॉन्फरन्समध्ये त्याने सांगितलं की काही ठिकाणी हा दलदलीतला गॅस पेटल्याचा उजेड असू शकतो. झालं, देशभर त्याची टिंगल, व्यंगचित्रं, लोक भडकले, आणि मिशिगनचा खासदार जेराल्ड फोर्ड, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, त्याने संसदेत सुनावणीची मागणी केली. हायनेकची भाषा यानंतर उघडपणे बदलत गेली. १९७२ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं आणि जवळून घडलेल्या घटनांचे तीन प्रकार पाडले: साधारण ५०० फुटांच्या आत वस्तू नुसती दिसली तर पहिला, तिने काही खूण किंवा परिणाम मागे ठेवला, म्हणजे गाडी बंद पडली, जमीन भाजली, जनावरं बिथरली, तर दुसरा, आणि आत किंवा आजूबाजूला जिवंत प्राणी दिसले तर तिसरा. पिक्चरचं नाव सरळ या यादीतून आलंय, आणि हायनेक टेक्निकल सल्लागार म्हणून त्यात होता, शेवटच्या प्रसंगात दाढीवाला, पाइप हातात धरून पुढे येणारा माणूस दिसतो तो तोच.

रेल्वे फाटकाचा सीन आठवून बघा. पिक्चरचा नायक रॉय नीअरी ट्रकमध्ये नकाशा बघत बसलाय, मागून एका गाडीचे दिवे येतात, तो हात करतो, ती बाजूने निघून जाते. परत मागून दिवे येतात, तो परत न बघताच हात करतो, आणि हे दिवे बाजूने न जाता सरळ वर चढतात. ट्रक बंद, टॉर्च बंद, बाजूच्या टपालपेट्या खडखडायला लागतात, आणि नंतर कळतं की त्याचा अर्धा चेहरा उन्हात भाजल्यासारखा लाल झालाय. हा म्हणजे दुसऱ्या प्रकाराचा अख्खा रिपोर्ट आहे. टेक्ससमध्ये लेव्हललँडला नोव्हेंबर १९५७ मध्ये एकाच रात्री बऱ्याच ड्रायव्हरांनी अगदी हेच सांगितलं होतं, इंजिन बंद, हेडलाइट बंद, ती वस्तू गेल्यावर सगळं परत चालू. पोलिसांच्या गाड्या दिव्यांच्या मागे टोलनाका तोडून धावतात त्या सीनसारखंही घडून गेलंय, एप्रिल १९६६ मध्ये ओहायोतल्या पोर्टेज काउंटीच्या पोलिसांनी एका उजेडाचा पाठलाग पार पेन्सिल्व्हेनियापर्यंत केला होता.

स्पीलबर्गच्या डोक्यात हा विषय मात्र फार आधीपासून होता. लहानपणी वडिलांनी त्याला रात्री उल्कावर्षाव बघायला नेलं होतं, आणि १९६४ मध्ये ॲरिझोनात फिनिक्सला शाळकरी वयातच त्याने 'फायरलाइट' नावाची आख्खी लांबीची फिल्म केली होती, विषय हाच, आकाशातले दिवे आणि गायब होणारी माणसं. त्यातली बरीचशी आज हरवलेली आहे. ५० च्या दशकातल्या पिक्चरमध्ये परग्रहवासी आले की बहुतेक वेळा युद्धच व्हायचं, याने ते बदलून संवाद आणला, आणि मला वाटतं त्यामागे हायनेकसारख्यांनी साक्षीदारांचं शांतपणे ऐकून घेण्याची जी पद्धत दाखवली तिचा मोठा हात आहे. फ्रेंच डायरेक्टर त्रूफोने पडद्यावर केलेला फ्रेंच शास्त्रज्ञ लाकोंब हा जाक व्हॅले या खऱ्या संशोधकावर बेतलाय, जो हायनेकचा जवळचा सहकारी होता.

संवाद कसा, तर पाच सुरांचा. संगीतकार जॉन विल्यम्सने शेकड्यांनी रचना करून बघितल्या आणि शेवटी ठरली ती आपल्या भाषेत सांगायची तर रे, ग, सा, मग एकदम खालच्या सप्तकातला सा, आणि त्याच सप्तकातला प. पेटीवर वाजवून बघा, शेवटच्या प वर सूर अधांतरी राहतो, सा वर येऊन टेकत नाही, म्हणून तो प्रश्नासारखा वाटतो आणि समोरून उत्तराची वाट बघावीशी वाटते.

आणि हेच सूर पिक्चरमध्ये माणसांच्या तोंडून ऐकू येतात ते भारतात. पडद्यावर नाव येतं उत्तर भारतातल्या धरमशालाचं, पण शूटिंग झालंय आपल्याकडे, खोपोलीजवळ खालापूर तालुक्यातल्या हाळ गावात, तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता, आता रायगड. १९७७ च्या सुरुवातीला स्पीलबर्ग आणि त्रूफो दोघंही इथे येऊन गेले, कॅमेरा डग्लस स्लोकोंबचा, ज्याने पुढे इंडियाना जोन्सचे पिक्चर शूट केले. प्रचंड जमाव तेच सूर गातोय, हे सूर कुठून आले असं विचारलं जातं, आणि एका क्षणात सगळे हात वर आकाशाकडे जातात. अख्ख्या पिक्चरमधला माझा सगळ्यात आवडता शॉट आहे हा, आणि जुन्या हायवेने खोपोलीवरून हजारदा गेलेल्या कितीतरी लोकांना याची कल्पनाच नसते, याची मला खरंच खंत वाटते. तिथे एखादा साधा फलक तरी लावायला हवा होता.

या भारतवारीने पिक्चरला अजून एक गोष्ट दिली. इथे असताना स्पीलबर्गला रात्री दिव्यांनी लखलखणारी एक तेलाची रिफायनरी दिसली, पाइप, मनोरे, हजारो बारीक दिवे, आणि शेवटी येणाऱ्या त्या अवाढव्य मदरशिपचं, म्हणजे परग्रहवासीयांच्या मुख्य यानाचं रूप तिच्यावरून सुचलं. त्यात लॉस एंजेलिसच्या डोंगरावरून दिसणारे सॅन फर्नांडो व्हॅलीचे दिवेही मिसळले. राल्फ मॅक्वॉरीने चित्र काढलं, ग्रेग जीनच्या टीमने मॉडेल बनवलं, ते आता स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे आणि बारकाईने बघितलं तर त्यावर 'स्टार वॉर्स'मधला छोटा रोबो आरटू-डीटूसुद्धा चिकटवलेला सापडतो. ढग मात्र पाण्याच्या टाकीत तयार केलेत, खाली खारं पाणी, वर गोडं पाणी, आणि त्यात सोडलेला पांढरा रंग, ही स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या डग्लस ट्रम्बुलच्या टीमची करामत.

पिक्चर काढणारी कोलंबिया कंपनी तेव्हा पैशाच्या अडचणीत होती, पिक्चर चालला आणि ती सावरली. मग १९८० मध्ये आलेल्या नव्या कॉपीसाठी स्पीलबर्गला राहिलेले सीन शूट करायला पैसे मिळाले, पण अट अशी की मदरशिपचा आतला भाग दाखवायचा. त्याने दाखवला, आणि नंतर स्वतःच म्हणाला की तो दाखवायला नको होता. १९९८ च्या कॉपीत त्याने तो भाग काढून टाकला, त्यामुळे पहिल्यांदा बघणार असाल तर तीच शोधा.