पडद्याच्या काठावर घडणारं जग

बाजूने दिसणाऱ्या गेममध्ये आपला गडी उजवीकडे धावत सुटतो, तेव्हा पडद्याच्या काठापलीकडे मोठी लगबग चाललेली असते. पुढचा खड्डा, पुढची भिंत नजरेस पडण्याच्या क्षणभर आधी तिथे मांडली जाते.

१९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावर चालायचा. या यंत्राचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं, म्हणजे ६१,४४० ठिपके. आणि प्रोसेसरच्या हाताशी कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट! सेकंदाला ६० वेळा एकेक ठिपका रंगवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून चित्र फरशांचं केलं. ८ बाय ८ ठिपक्यांची एक फरशी, आडव्या ३२, उभ्या ३०. ९६० फरशांचे क्रमांक आणि रंगांच्या नोंदी धरून अख्खा पडदा १,०२४ बाइटांत बसायचा. असे दोन पडदे चित्रांच्या मेमरीत शेजारी शेजारी मावत. दाखवायला कुठून सुरुवात करायची, तेवढा आकडा बदलला की सगळं दृश्य सरकायचं आणि डावीकडे नजरेआड झालेली जागा रहाटगाडग्यासारखी पुन्हा नव्या फरशांनी भरायची. ही भरणीही तेव्हाच्या टीव्हीचा चित्र रंगवणारा किरण तळापासून पुन्हा वर जाईपर्यंत, सुमारे सव्वा मिलिसेकंदात उरकावी लागे. अख्खा गेम ४० किलोबाइटचा. त्यातले ढग आणि झुडपं एकाच फरशांची आहेत, फक्त रंग वेगळा. एवढ्या काटकसरीतून इतकं मोकळं आभाळ उभं राहिलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

त्या काळच्या आयबीएम पद्धतीच्या पीसीमध्ये फरशांची अशी सोय नव्हती. १९९० मध्ये प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी तिथे वेगळी युक्ती लढवली: दृश्य सरकल्यावर ज्या फरशा खरोखर बदलल्या, तेवढ्याच पुन्हा काढायच्या. निळ्या आभाळाच्या जागी निळं आभाळच आलं, तर हात लावायचा नाही.

खोलीचा भास त्याआधीच, १९८२ च्या 'मून पट्रोल'मध्ये आला होता. धावत्या गाडीतून बघताना जवळचे खांब झपाट्याने मागे जातात, दूरचे डोंगर रेंगाळतात. मेंदू या फरकावरून अंतर ताडतो. मागचं चित्र हळू आणि पुढचं वेगाने सरकवलं की सपाट पडदाही खोल वाटू लागतो.

पण गेम बाजूने दाखवण्याची ही तऱ्हा टिकली ती मुख्यतः उडीमुळे, असं मला वाटतं. बाजूने बघताना खड्ड्याची रुंदी आणि कड्याची उंची जशीच्या तशी दिसते. त्रिमितीय गेममध्ये पाय नेमका कुठे पडेल याचा अंदाज बांधावा लागतो. उडीचे नियम मात्र निसर्गाचे नाहीत. मारिओ वर जात असताना बटण दाबून धरलं तर गुरुत्वाकर्षण कमी होतं, सोडलं की वाढतं, म्हणून उडीची उंची बोटाच्या ताब्यात राहते. हवेत असतानाही त्याला वळवता येतं.

२०१८ च्या 'सेलेस्ट'मध्ये तर कड्यावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेम उडी मारता येते. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. जमिनीला पाय टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबलं, तर गेम ते लक्षात ठेवतो आणि पाय टेकताच उडी मारतो. खेळणाऱ्याला ही मदत जाणवतही नाही. उडी आपल्यालाच अचूक साधली, असं त्याला वाटतं.