मेरियन हॉटेल, डब्लिन

आयर्लंडच्या राजधानीतील अप्पर मेरियन स्ट्रीटवरील हॉटेल. १७६०च्या दशकात लॉर्ड मंक यांनी बांधवलेली, एकमेकांना खेटून उभी असलेली चार जॉर्जियन घरे जोडून ते तयार झाले आणि १९९७ मध्ये सुरू झाले. ब्रिटनच्या गादीवर लागोपाठ जॉर्ज नावाचे चार राजे आले. त्या काळातली (१७१४–१८३०) वास्तुशैली ती जॉर्जियन.

या घरांचे बाह्यरूप कमालीचे साधे आहे. विटांची सपाट भिंत, तिच्यात वर-खाली सरकणाऱ्या तावदानांच्या खिडक्या. रस्त्यावर उभे राहून नीट पाहिले तर खिडक्यांची रुंदी जवळपास सारखीच दिसते, उंची मात्र वरच्या मजल्यांवर घटत जाते आणि छताजवळच्या तर जेमतेम चौकोनी उरतात. घरात कोणता मजला मानाचा हे एवढ्यावरून कळते. सर्वांत उंच खिडक्या पहिल्या मजल्याच्या, कारण पाहुण्यांचा दिवाणखाना तिथे असे. स्वयंपाकघर तळघरात, नोकरांच्या खोल्या अगदी वर. दर्शनी भागात हौस करायची ती दरवाजावर. त्याच्या माथ्यावरचे पंख्यासारखे काचेचे झरोके अंधाऱ्या प्रवेशदालनात उजेड सोडतात. डब्लिनच्या जुन्या रस्त्यांची ती ओळखच आहे.

खरे वैभव आत आहे. छतावर गिलाव्यातून उठवलेली रोकोको शैलीची नाजूक, वळणदार नक्षी आहे. मान वर करून ती पाहावी आणि बाहेरची कोरी भिंत आठवावी; हा विरोधच या शैलीचा प्राण आहे.

चारांपैकी २४ क्रमांकाचे मॉर्निंग्टन हाउस सर्वांत महत्त्वाचे. ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजे आर्थर वेलस्ली, यांचा जन्म १७६९ मध्ये इथे झाला असे सामान्यतः मानले जाते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला सेनानी तो हाच.

१८०१ मध्ये आयर्लंडची संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली आणि उमराव मंडळी डब्लिन सोडून जाऊ लागली. शहरातल्या अशा अनेक घरांत पुढे कचेऱ्या आल्या. २४ क्रमांकात सरकारी भूमी आयोगाचे कार्यालय होते. हॉटेल करताना जुन्या दालनांची मोडतोड टाळण्यासाठी मागे बागेकडे नवी इमारत उभारली, हा निर्णय फार शहाणपणाचा ठरला. जुन्या दिवाणखान्यांत आता दुपारचा चहा मिळतो.