जिची खोड सगळ्यांना ठाऊक : जुन्या ड्युअल-स्पोर्ट गाड्यांची पार्श्वभूमी

सेकंडहँड मोटरसायकल बघायला गेलं की आपल्याकडचे प्रश्न ठरलेले असतात. किती चालली, अ‍ॅव्हरेज किती देते, कितव्या मालकाची. जुनी ड्युअल-स्पोर्ट घेताना मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा : कंपनीने हे मॉडेल फारसं न बदलता किती वर्षं बनवलं? स्पेअर मिळतील का, फिटरला गाडी कळेल का, कुठला भाग कधी दगा देईल हे आधी सांगता येईल का, हे सगळं या एका प्रश्नावर ठरतं. त्याचं कारण या गाड्यांच्या जन्मकथेत आहे.

ड्युअल-स्पोर्ट म्हणजे नंबरप्लेट, हेडलाइट, इंडिकेटर असलेली, पण डांबर संपल्यावरही पुढे जाणारी गाडी. ती दोन्ही कामं थोडी थोडी अर्धवट करते, आणि तिच्या चाहत्यांना ते मान्य असतं. तसं पाहिलं तर सुरुवातीच्या काळात प्रत्येक मोटरसायकल मातीतच चालायची, कारण डांबर होतं कुठे? रस्ते सुधारले तशा गाड्या जड आणि वेगवान झाल्या. १९५० आणि ६० च्या दशकांत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात हौशी लोक ब्रिटिश ट्रायम्फ आणि बीएसए गाड्यांचं जमेल तेवढं सामान काढून त्या पळवायचे. त्या तरीही जडच असत. हलक्या गाड्या स्पेन आणि स्वीडनहून यायच्या, पण त्या शर्यतीसाठी घडवलेल्या होत्या. आठवडाभर कामावर न्यायची आणि रविवारी डोंगरात घालायची, अशी स्वस्त आणि भरवशाची गाडी बाजारात नव्हती.

ती यामाहाने आणली. १९६८ ची डीटी-१ : २५० सीसीचं टू-स्ट्रोक सिंगल सिलिंडर इंजिन, उंच हँडल, वर उचललेला सायलेन्सर आणि रस्त्यावर कायद्याने चालवता येईल असे दिवे. अमेरिकेत ती इतकी खपली की बाकीच्या जपानी कंपन्यांना तोच मार्ग धरावा लागला. होंडाने १९७२ मध्ये एक्सएल२५० काढली. तिच्यात चार व्हॉल्व्हचं फोर-स्ट्रोक इंजिन होतं, आणि आधुनिक काळात सिंगल सिलिंडरच्या गाडीत असं इंजिन मोठ्या प्रमाणावर बनवण्याचा तो पहिलाच प्रसंग. टू-स्ट्रोकपेक्षा ती जड होती, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही, धूर कमी, आणि खालच्या वेगात इंजिन गुरगुरत का होईना, ओढत राहायचं. पुढे १९७८ पासून अमेरिकेत मोटरसायकलींना प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि तिथल्या रस्त्यावरच्या टू-स्ट्रोकचे दिवस भरले. ड्युअल-स्पोर्ट म्हणजे फोर-स्ट्रोक सिंगल, हे समीकरण पक्कं व्हायला अभियंत्यांच्या आवडीइतकाच हा कायदा कारणीभूत आहे.

या प्रकाराला खरी प्रतिष्ठा दिली ती यामाहाच्याच एक्सटी५०० ने. १९७५ च्या अखेरीस आलेली, एका मोठ्या सिलिंडरची, एअर-कूल्ड, किक मारून सुरू होणारी गाडी. किक मारायचीही एक रीत होती; पिस्टन नेमका कुठे आहे ते कळण्यासाठी इंजिनाच्या बाजूला छोटी खिडकी ठेवलेली असे. ती न बघता घाईने किक मारणाऱ्याच्या नडगीला पुढची शिकवणी मिळे. १९७७ मध्ये थिएरी साबीन नावाचा फ्रेंच स्वार याच गाडीवर आबिजान-नीस शर्यतीत सहाराच्या वाळवंटात वाट चुकला आणि मरता मरता वाचला. परत आल्यावर त्याने पॅरिस-डकार शर्यतीची कल्पना मांडली. २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून पहिली शर्यत निघाली. मोटारी, ट्रक आणि मोटरसायकली एकत्र धावल्या, आणि पहिला आला एक्सटी५०० वरचा सिरिल नव्हू. पुढच्या वर्षीही तोच, त्याच गाडीवर. शोरूममध्ये मिळणाऱ्या गाडीच्या जवळची गाडी वाळवंट पार करून जिंकते, याचा युरोपातल्या ग्राहकांवर झालेला परिणाम कुठल्याही जाहिरातीने झाला नसता. १९८३ मध्ये यामाहाने एक्सटी६००झेड टेनेरे काढली आणि तिला जवळपास ३० लिटरची टाकी दिली. एरवी शहरात राहणाऱ्या माणसाला ३० लिटरची टाकी कशाला? पण लोकांनी ती घेतली.

इथून वाट दुभंगली. बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये आर८०जी/एस हे दोन सिलिंडरचं धूड आणलं आणि १९८१ ची डकार जिंकली. होंडाने १९८८ मध्ये आफ्रिका ट्विन काढली. पुढच्या दशकांत कंपन्यांचा पैसा, संशोधन आणि जाहिराती या मोठ्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ गाड्यांकडे गेल्या. सिंगल सिलिंडरवाल्या साध्या ड्युअल-स्पोर्ट मागे राहिल्या, आणि मला वाटतं तिथेच त्यांचं नशीब उघडलं. कावासाकीची केएलआर६५० १९८७ मध्ये आली आणि २००७ पर्यंत जवळजवळ तशीच राहिली. २००८ मध्ये तिला नवं रूप मिळालं आणि मग ती २०१८ पर्यंत चालली, कार्बोरेटरसकट. होंडाची एक्सआर६५०एल १९९३ पासून, सुझुकीची डीआर६५०एसई १९९६ पासून. दोघींच्या मूळ यंत्रात फार काही बदललं नाही. अमेरिकी मरीन दलाने केएलआरला डिझेल इंजिन बसवून वापरली, यावरून तिच्या सांगाड्याबद्दल काय तो अंदाज बांधावा.

वीस-वीस वर्षं एकच गाडी बनत राहिली की तिचे दोष सार्वजनिक होतात. केएलआरच्या इंजिनात बॅलन्सर चेनचा, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या यंत्रणेच्या साखळीचा, ताण राखणारी एक छोटी लिव्हर असते. जुन्या गाड्यांत ती तुटायची आणि तुकडे इंजिनात जायचे. चाहत्यांनी त्या भागाला ‘डूहिकी’ असं टोपणनाव ठेवलं, बाहेरच्या कारागिरांनी मजबूत लिव्हर बनवून विकायला सुरुवात केली, आणि आज तिथे जुनी केएलआर घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो ‘डूहिकी बदलली आहे का?’ हाच. २००८-०९ च्या काही गाड्या ऑइल पितात, हेही सगळ्यांना माहीत. डीआर६५० मध्ये क्लचच्या मागे न्यूट्रलचा स्विच दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. ते स्क्रू ढिले होऊन गिअरमध्ये पडू शकतात. म्हणून क्लच उतरवून ते एकदा पक्के करून घेतात. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणी अशी गाडी बघत असेल तर चकचकीत रंगाला भुलू नये. ही दोन कामं झाल्याची पावती दाखवणारा मालक जास्त भरवशाचा.

भारतात या गाड्या अधिकृतपणे विकायला आल्याच नाहीत, आणि तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आयात करायला आपला कायदा साध्या वाटेने परवानगी देत नाही. त्यामुळे आपली कथा वेगळी आणि बरीच उशिरा सुरू होते. परवाना राजच्या काळात बुलेट, जावा-येझदी आणि राजदूत एवढाच संसार होता. खेड्यात ड्युअल-स्पोर्टचं काम राजदूतने केलं, नंतर बजाज एम८० ने. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून मुरमाच्या रस्त्याने आणि शेताच्या बांधावरून डेअरी गाठणाऱ्या गवळ्याला कुणी ‘ऑफ-रोड रायडर’ म्हटलं नाही, पण त्याचं रोजचं अंतर बघून आजच्या हौशी स्वारांनी कान पकडावेत. १९८० च्या दशकात जपानी भागीदारीतल्या १०० सीसी गाड्या आल्या आणि बाजार मायलेजच्या मागे लागला. उंच सीटची, कमी अ‍ॅव्हरेज देणारी, थोडी महाग गाडी कुणाला विकायची, असा प्रश्न कंपन्यांना पडला असेल तर त्यात त्यांची चूक नव्हती.

तरी एकाने धाडस केलं. होंडापासून वेगळं झाल्यावर ऑगस्ट २०११ मध्ये लंडनच्या कार्यक्रमात हीरो मोटोकॉर्पने आपली नवी ओळख जाहीर केली आणि तिथे इम्पल्स दाखवली. होंडाच्या ब्राझीलमधल्या एनएक्सआर१५० ब्रॉसशी नातं सांगणारी, १५० सीसीची, लांब शॉकअप आणि १९ इंची पुढच्या चाकाची गाडी. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत ती रस्त्यावर आली. पकडलेली वाट योग्य होती, पण इंजिन सीबीझेडच्या घराण्यातलं आणि चढावर दम कमी. शहरातल्या ग्राहकाला ती अशक्त वाटली, गावातल्या ग्राहकाला उंच आणि महाग. त्यात २००० पासून प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने खेड्यापाड्यांत डांबर पोचवायला सुरुवात केलेली. ज्या रस्त्यांसाठी ही गाडी हवी होती ते पक्के होऊ लागल्यावर ती अवतरली. एप्रिल २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाच्या गाड्यांची विक्री थांबली. नव्या मानकाची इम्पल्स कधी आलीच नाही.

आपल्या चाकणचीही इथे एक गंमत आहे. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला. केटीएमच्या गाड्यांनी २००१ ते २०१९ या काळात झालेली प्रत्येक डकार मोटरसायकल गटात जिंकली. पण २०१२ मध्ये चाकणमधून बाहेर पडली ती शहरात सुसाट पळणारी ड्यूक. मातीचं नाव सांगणारी ३९० अ‍ॅडव्हेंचर यायला २०२० उजाडलं, तीही अलॉय चाकांवर.

मधल्या काळात हिमालयाने बाजार तयार केला. शिमल्याहून १९९९ पासून ‘रेड दे हिमालया’ ही शर्यत होऊ लागली होती, मनाली-लेह रस्त्यावर दर उन्हाळ्यात बुलेटच्या रांगा लागत होत्या, आणि २०१५ मध्ये बंगळुरूच्या सी. एस. संतोषने डकार पूर्ण करून ३६ वा क्रमांक मिळवला. मार्च २०१६ मध्ये रॉयल एनफील्डने हिमालयन विक्रीला आणली. ४११ सीसीचं लाँग-स्ट्रोक इंजिन, ताकद अवघी साडेचोवीस अश्वशक्ती, पुढे २१ इंची चाक, १५ लिटरची टाकी, सीट फक्त ८०० मिलिमीटर उंच. कागदावर वाचून अनेकांनी नाकं मुरडली. पण एक्सटी५०० ची कुंडली डोळ्यांसमोर ठेवली तर ही गाडी परकी वाटत नाही : हळू फिरणारं इंजिन, जाड लोखंड, दुरुस्तीला सोपी रचना. सुरुवातीच्या कार्बोरेटरच्या गाड्यांबद्दल तक्रारी खूप झाल्या. पुढचा कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, लवकर जातो ही त्यातली सगळ्यात ठळक, आणि टेपर रोलर बेअरिंग बसवणं हा त्यावरचा सर्वज्ञात उपाय. २०१७ मध्ये फ्युएल इंजेक्शन आलं, पुढच्या वर्षी एबीएस, २०२० मध्ये बीएस-६. नोव्हेंबर २०२३ मध्ये वॉटर-कूल्ड ४५० आली आणि जुनी ४११ बंद झाली. म्हणजे साडेसात वर्षांहून जास्त काळ एकच मूळ इंजिन, एकच सांगाडा.

म्हणूनच आज आपल्याकडे जुनी ड्युअल-स्पोर्ट घ्यायची तर माझं मत २०१८ नंतरच्या ४११ कडे झुकतं. खोडी माहीत झालेल्या, औषधं ठरलेली आणि गावोगावच्या फिटरने उघडून पाहिलेलं इंजिन. घेताना गाडी मधल्या स्टँडवर चढवावी, पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवावं. मध्यावर खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेटचे पैसे किमतीतून कापायचे. स्पोकवर बोट वाजवत फिरावं, रिम वाकलीय का बघावं, आणि लेहहून आलेली गाडी असेल तर इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याचे, म्हणजे बॅशप्लेटचे, ओरखडे मालकाच्या गप्पांपेक्षा जास्त सांगतात. हिला किक नाही, त्यामुळे बॅटरीचं वय विचारायला विसरू नये.

वजनाला जवळपास २०० किलोची गाडी एकट्याने चिखलातून उचलवणार नसेल, तर हीरोची २०१९ ची एक्सपल्स २०० आहे. ९७ हजारांना सुरू झालेली, १५४ किलोची, २१ आणि १८ इंची स्पोक चाकांची. इम्पल्सचे धडे तिच्यात उतरलेले दिसतात. हायवेवर ती लवकर दमते, पण वेल्ह्याच्या पलीकडच्या किंवा भंडारदऱ्याच्या मागच्या दगडी वाटेवर तिच्याइतकी मजा देणारं या किमतीत दुसरं काही नाही. सह्याद्रीतलं चालवणं बहुतेक पहिल्या-दुसऱ्या गिअरमधलं असतं. तिथे टॉप स्पीडचा आकडा कुणाच्या कामाला येत नाही. पठारांवर, राखीव जंगलात मात्र गाडी घालू नये. गावाची, बैलगाडीची वाट भरपूर उरलेली आहे.

राहिली इम्पल्स. ती घेणारे प्रेमाने घेतात आणि प्रेमाला उपाय नसतो. इंजिनाचे बरेचसे भाग हीरोच्या इतर १५० सीसी गाड्यांवरून भागवता येतात. टाकीभोवतीचं प्लॅस्टिक, सीट आणि पुढचा मडगार्ड मिळवताना दम निघतो. २०११ च्या अखेरीस नोंदलेल्या गाड्यांची पंधरा वर्षं २०२६ अखेरीस भरतात. म्हणजे आरटीओत फिटनेस, पाच वर्षांसाठी नोंदणीचं नूतनीकरण आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर, हा खर्च व्यवहार ठरवतानाच मोजावा. बँकेचा बोजा आरसीवरून उतरलाय का आणि नवी हाय-सिक्युरिटी नंबरप्लेट बसलीय का, तेही तेव्हाच बघावं. दिल्लीकडून आलेली स्वस्त गाडी दिसली तर आणखी सावध राहावं. तिथे पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला बंदी असल्याने मुदत जवळ आलेल्या गाड्या बाहेर विकल्या जातात. एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर यांचा हिशेब केल्यावर पुण्यातली, थोडी महाग वाटलेली गाडीच बहुतेक वेळा परवडते.