मॅग्नम रिव्हॉल्वरची दारू रायफलीकडून कशी आली

पूर्ण ताकदीचे मॅग्नम, म्हणजे नेहमीच्याहून जोरदार, काडतूस स्वतः भरायचे म्हटले की दारूची तीच ती नावे पुढे येतात: २४००, एच-११०, विंचेस्टर २९६. तिन्ही हळू जळणाऱ्या. नवख्याला हे उलटेच वाटते. रिव्हॉल्वरची नळी चार, सहा, फार तर आठ इंच. तेवढ्यात गोळीला वेग द्यायचा तर दारू झटकन जळायला नको का? अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर हाती यायला विसाव्या शतकाची पहिली तीस वर्षे गेली, आणि ते आले रायफलीच्या बाजूने.

१८७३ सालच्या .४५ कोल्ट या रिव्हॉल्वरच्या काडतुसात काळी दारू असे. सुरुवातीच्या व्यापारी काडतुसात ती ४० ग्रेनपर्यंत (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम) भरत, म्हणजे पुंगळी (काडतुसाचे धातूचे कवच) जवळपास काठोकाठ. निवड करायची ती फक्त दाण्याच्या जाडीबारकाईची. मावेल त्याहून जास्त भरताच येत नसल्यामुळे पुंगळी स्वतःच मर्यादा घालून देई. पुढे १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजची बिनधुराची दारू बनवली, आणि १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोसेल्युलोज व नायट्रोग्लिसरीन एकत्र करून बॅलिस्टाइट काढली. थोडक्या दारूत कितीतरी जास्त ऊर्जा मिळू लागली. पुंगळ्या मात्र काळ्या दारूच्या मापाच्याच राहिल्या.

एकोणिसावे शतक संपता संपता लॅफ्लिन अँड रँड कंपनीने बुल्सआय आणली, पाठोपाठ युनिक आली. पुढे ड्यूपाँ या कंपनीची दारूतली मक्तेदारी मोडली गेली आणि १९१२ मध्ये हर्क्युलिस ही वेगळी कंपनी झाली, तेव्हा या दोन्ही दारू तिच्याकडे गेल्या. बुल्सआय फार जलद जळते. .३८ स्पेशल या रिव्हॉल्वर काडतुसाच्या पुंगळीत तिचा नेहमीचा भार (ठरलेले माप) ओतला तर तळाशी जेमतेम थर दिसतो. चुकून दुसऱ्यांदा ओतला तरी पुंगळी ओसंडत नाही, नजर पारखी नसेल तर कळतही नाही. हाताने काडतुसे भरताना झालेल्या अनेक अपघातांच्या मुळाशी हा दुप्पट भार आहे. सौम्य, नेमबाजीच्या काडतुसांना बुल्सआय उत्तम, आणि आजही लोक ती त्यासाठी वापरतात. पण तिच्याकडून जास्त वेग मागायला गेले की दाब वेगाच्या कितीतरी पुढे धावतो.

याचे कारण दाबाच्या आलेखात आहे. सिलिंडर (रिव्हॉल्वरचा काडतुसे धरणारा फिरता भाग) किती दाब सोसेल हे धातू ठरवतो, तेव्हा आलेखाचे शिखर एका मर्यादेपलीकडे नेता येत नाही. जलद दारू गोळी जेमतेम हलते तोच ते शिखर गाठते आणि मग दाब कोसळतो. हळू दारू जास्त भरता येते. तिचे शिखर तेवढेच ठेवले तरी गोळी नळीतून पुढे सरकत असताना वायू तयार होत राहतो आणि गोळीला मागून रेटत राहतो. म्हणूनच, गोळी जड असेल तर, आखूड नळीतसुद्धा सर्वाधिक वेग बहुधा हळू दारूच देते. त्याबदल्यात मोठा आवाज आणि नळीच्या तोंडाशी लखलखाट पदरी पडतो.

हे गणित प्रत्यक्ष हाताने सोडवणाऱ्यांत आयडाहोचा एलमर कीथ सर्वांत गाजला. १९२०च्या दशकात जड गोळी आणि भरपूर दारूच्या नादात त्याचे .४५ कोल्ट रिव्हॉल्वर फुटले. त्यानंतर तो .४४ स्पेशलकडे वळला, कारण त्याच मापाच्या सिलिंडरला .४४ची भोके पाडली की भिंती थोड्या जाड उरतात. त्या काळच्या पुष्कळ पुंगळ्या ‘बलून हेड’ पद्धतीच्या होत्या: तळाशी प्रायमरच्या (दारू पेटवणाऱ्या टिकलीच्या) घराभोवती खोलगट जागा. त्यामुळे दारूला जागा जास्त मिळे, पण तळ दुबळा राही. पुढे भरीव तळाच्या पुंगळ्या आल्या. त्या मजबूत खऱ्या, पण आतली जागा घटली आणि तोच भार जास्त दाब देऊ लागला. जुन्या लेखांतले आकडे उचलून आज वापरणे धोक्याचे आहे ते अशा कारणांनी, आणि ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी मला पुरेशी वाटत नाही.

कीथला हवी तशी दारू १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हर्क्युलिसकडून आली. ती काढली होती .२२ हॉर्नेट या छोट्या रायफल काडतुसासाठी. ४५ ग्रेनच्या गोळीला सेकंदाला २,४०० फूट वेग देणारी, म्हणून नाव २४००. हॉर्नेटची पुंगळी रायफलीच्या मानाने इवलीशी, त्यामुळे तिची दारू इतर रायफल दारूंहून जलद. पण रिव्हॉल्वरच्या मानाने ती हळूच. जड शिशाच्या गोळीमागे ती नेमकी बसली.

१९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी .३५७ मॅग्नम बाजारात आणले. डग्लस वेसन आणि फिलिप शार्प यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत, कीथचे प्रयोगही आधीपासून चालू होते. पुंगळी .३८ स्पेशलपेक्षा सुमारे एक अष्टमांश इंच लांब केली, ती मुख्यतः हे काडतूस जुन्या, दुबळ्या रिव्हॉल्वरमध्ये शिरू नये म्हणून. आजच्या अमेरिकी मानकात .३८ स्पेशलचा कमाल दाब १७,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे आणि .३५७चा ३५,०००. एवढी तफावत असलेली दोन काडतुसे एकाच व्यासाची आहेत.

दुसरी वाट युद्धातून आली. वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत फ्रेड ओल्सन यांनी १९३०च्या दशकात गोल दाण्यांची ‘बॉल’ दारू विकसित केली होती. नायट्रोसेल्युलोज द्रावकात विरघळवून पाण्यात घुसळले की त्याचे थेंब बनतात आणि तेच घट्ट होऊन दाणे होतात. दुसऱ्या महायुद्धात ही दारू .३० कार्बाइनच्या काडतुसांत गेली. ती पुंगळी जवळजवळ सरळ, गोळी ११० ग्रेनची. म्हणजे मॅग्नम रिव्हॉल्वरच्या काडतुसाची जवळची नातलगच. युद्धानंतर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने सरकारी शिल्लक दारू विकत घेऊन हाताने भरणाऱ्यांना विकायला सुरुवात केली. एच-११० याच कार्बाइनच्या दारूच्या घराण्यातली. विंचेस्टर २९६ ही वेगळ्या डब्यातली तीच दारू, फ्लोरिडातल्या सेंट मार्क्सच्या कारखान्यात बनणारी.

हे दाणे बारीक आणि किंचित चपटे असतात. मापातून ते पाण्यासारखे वाहतात, प्रत्येक भार जवळपास सारखा पडतो. युनिकच्या मोठ्या चकत्या मापात अडकतात आणि एका पुंगळीत कमी, पुढचीत जास्त पडतात. ज्याने दोन्ही मापून पाहिल्या आहेत त्याला एच-११०चे कौतुक का होते हे सांगावे लागत नाही.

१९५५च्या अखेरीस .४४ मॅग्नम तयार झाले, तेव्हा कीथची पसंती २४००लाच होती. याच काळात युटामध्ये डिक कसल .४५च्या पुंगळीतून त्याहून जास्त ताकद काढायच्या मागे होता. त्याने एकाच पुंगळीत तीन वेगवेगळ्या दारूंचे थर रचून पाहिले. कसलेला, अभ्यासू माणूस होता म्हणून निभावले; इतर कुणीही याच्या वाटेला जाऊ नये. पुढे .४५४ कसलला एकट्या एच-११० किंवा २९६वर तीच कामगिरी जमू लागली आणि थरांची गरज संपली.

एच-११०ची एक अट मात्र कडक आहे. उत्पादक सांगतात की दिलेला भार तीन टक्क्यांहून अधिक कमी करू नका. या दाण्यांवर जळण मंदावणारा लेप असतो; त्यांना पेटायला दणकट प्रायमर, भरलेली पुंगळी आणि गोळीभोवती घट्ट क्रिंप (पुंगळीचे तोंड आवळणे) लागते. पुंगळीत मोकळी जागा राहिली तर दारू अर्धवट पेटते, गोळी नळीत अडकू शकते, आणि मागून दुसरी सुटली तर नळी फाटते. २४०० इतकी हट्टी नाही. तिचा भार छापील मर्यादेत राहून बराच खाली आणता येतो, म्हणूनच पूर्ण ताकद आणि मध्यम ताकद दोन्ही एकाच डब्यातून हवी असणारे अजून तिच्याकडेच जातात. व्हिटाव्होरी एन-११०, ॲक्युरेट नंबर ९, अलायंट ३००-एमपी ही पुढची नावेही याच हळू टोकाची. त्यातली कोणती घ्यायची ते गोळीचे वजन ठरवते, आणि भार किती हे त्याच दारूच्या उत्पादकाची चालू पुस्तिका.