चढ माणसाला, उतार मोटरला

ट्रेडमिलचा चढ वाढवला की धाप आपल्याला लागते. साहजिकच वाटतं, मोटरलाही जास्त जोर लावावा लागत असणार. प्रत्यक्षात मोटरचं काम तेव्हा हलकं झालेलं असतं.

पट्टा पुढून मागे सरकतो. पुढची बाजू उचलली की 'मागे' म्हणजेच 'खाली'. आपलं वजनही पट्ट्याला खालीच ढकलतं, म्हणजे तो जिकडे निघालाय तिकडेच. 15 टक्के चढ म्हणजे 100 सेंटिमीटर आडव्या अंतरात 15 सेंटिमीटर उंची. कोन जेमतेम साडेआठ अंशांचा. एवढ्या चढावर 70 किलोचा माणूस ताशी 5 किलोमीटर वेगाने चालला, तर त्याच्या वजनातून पट्ट्याला सुमारे 140 वॅट मिळतात. यातले बरेचसे पट्टा आणि त्याखालची फळी यांच्या घर्षणात संपतात. घाम गाळून 'चढलेला' डोंगर शेवटी फळी तापवतो, एवढंच!

चढ आणखी वाढला आणि घर्षण पुरलं नाही, तर पट्टा मोटरच्याही पुढे पळू पाहतो. मग मोटरलाच ब्रेक व्हावं लागतं. ती जनित्रासारखी वीज तयार करते आणि काही मशीनमध्ये ही वीज एका रोधकात उष्णतेच्या रूपात घालवतात. मोटर नसलेले ट्रेडमिल तर चालणाऱ्याच्या जोरावरच फिरतात. विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने 1818 च्या सुमारास तुरुंगांसाठी बनवलेलं पायचक्रही असंच होतं: कैदी पायऱ्या चढत राहायचे आणि त्यांच्या वजनाने चक्र फिरत राहायचं.

उतारावर सगळं उलटं. आता पट्टा मागे जाताना वर चढतो, आणि आपल्याला वर उचलायचं काम मोटरच्या गळ्यात पडतं. ताशी 10 किलोमीटर वेग आणि 3 टक्के उतार असेल, तर त्याच 70 किलोच्या माणसासाठी तिला साधारण 57 वॅट जादा द्यावे लागतात. आपल्याला दम कमी लागतो, पण मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ते जाणवतं.

चढ देणारी मोटर वेगळी असते, छोटीशी. ती एक लांब स्क्रू फिरवते, त्यावरचं नट सरकतं आणि सांगाडा मागच्या टेकूवर कलतो. खुबी आहे ती स्क्रूच्या आट्यांमध्ये. त्यांचा उतार इतका कमी ठेवलेला असतो की वरून कितीही वजन आलं तरी स्क्रू उलटा फिरत नाही. वीज गेली तरी चढ जागचा हलत नाही.

मात्र दांडा धरून मागे रेलणाऱ्यापुढे या सगळ्या कारागिरीचा इलाज चालत नाही. शरीर पट्ट्याशी काटकोनात आलं, वजनाचा काही भाग हातांनी घेतला, की पडद्यावरचे 15 टक्के नावापुरते उरतात.

मशीनवर चढ मुबलक आणि उतार मोजकाच का? वर जागा मोकळी आहे, खाली जमीन आहे. 140 सेंटिमीटर लांबीचा पट्टा 15 टक्के चढवायला पुढचं टोक 21 सेंटिमीटर उचललं की झालं. उतारासाठी मात्र ते मागच्या टोकापेक्षा खाली न्यायचं, म्हणजे मागची बाजू आधीपासूनच उंच हवी. मग मशीनवर चढायची पायरीच उंच होते. म्हणून उतार देणारी बरीच घरगुती मशीन उणे 3 टक्क्यांच्या आसपास थांबतात.