शिवाजी विद्यापीठ पायी फिरताना : आमच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

विद्यापीठाच्या पायी फेरीसाठी आमच्याकडे नाव नोंदवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. फेरीच्या आदल्या दिवशी हे पत्रक एकदा निवांत वाचा. वाटेत आम्ही बोलणारच आहोत, पण थोडं आधी ठाऊक असलं की पाहताना प्रश्न सुचतात, आणि प्रश्न विचारणारे पाहुणे आम्हाला फार आवडतात.

कोल्हापुरात आलेला माणूस अंबाबाईचं दर्शन घेतो, रंकाळ्यावर जातो, न्यू पॅलेस बघतो, वेळ उरला तर पन्हाळा गाठतो. विद्यापीठाकडं पाय वळतात ते काम निघालं तरच. मुलाचं ॲडमिशन, गुणपत्रिकेतली दुरुस्ती, नाहीतर दीक्षान्त समारंभ. गाडी गेटातून आत जाते, काम झालं की बाहेर पडते. पण हा परिसर ८५३ एकरांचा, म्हणजे जवळजवळ साडेतीन चौरस किलोमीटरचा आहे. विभागांच्या इमारती एकमेकींपासून लांब लांब आहेत आणि मधे झाडी, गवत, पाणी आहे. गाडीतून फक्त इमारतींच्या पाट्या दिसतात. मधलं सगळं बघायचं तर चालायलाच हवं.

वेळ आणि चाल

फेरी सकाळी साडेसहाला मुख्य प्रवेशद्वारापाशी सुरू होते आणि साधारण तीन तास चालते. मध्यवर्ती बस स्थानकाकडून येणाऱ्यांना केएमटीची बस मिळते, रिक्षाही मिळते. स्वतःची गाडी आणणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, कुठं लावायची ते सांगू. रस्ते डांबरी आहेत, चढ आहे पण दमवणारा नाही. साठी ओलांडलेले पुष्कळ पाहुणे आमच्याबरोबर आरामात चालतात. त्या वेळी कोल्हापूरकरांची सकाळच्या फिरण्याची गर्दी असते. ती मंडळी झपाझप पुढं जातील, आपण त्यांच्या चालीनं जायचं नाही.

जमलं तर आदल्या संध्याकाळी दसरा चौक

ही फेरीतली सक्तीची गोष्ट नाही, वेगळे पैसेही नाहीत. पण ज्यांचा मुक्काम शहरात आहे त्यांना आम्ही आग्रहानं सांगतो की आदल्या संध्याकाळी अर्धा तास काढून दसरा चौकात या.

शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं, पण कोल्हापूरच्या शिक्षणाची गोष्ट त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. राजाराम कॉलेज १८८० चं. गोपाळ कृष्ण गोखले काही काळ त्याच कॉलेजात शिकले. भवानी मंडपाजवळची मेन राजाराम हायस्कूलची दगडी इमारत तुम्ही येता-जाता पाहिली असेल. हल्लीचं राजाराम कॉलेज मात्र विद्यापीठाच्या शेजारीच आहे, फेरीला येताना वाटेत लागेल.

पण कॉलेज असून खेड्यातल्या पोराला काय उपयोग? राहायचं कुठं, जेवायचं काय? हा प्रश्न राजर्षी शाहू महाराजांनी हातात घेतला. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन विद्यार्थ्यांसाठी दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झालं. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये लिंगायत विद्यार्थ्यांचं आणि १९०८ मध्ये त्या काळी अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढं इतर समाजांचीही बोर्डिंगं निघाली. महाराजांनी जागा दिल्या, इमारतींना मदत केली, वर्षासनं लावून दिली. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा निर्णय झाला, तो याच विचारातून.

दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहिलं की यातल्या काही बोर्डिंगांपर्यंत चार पावलांत जाता येतं. आमचं मत स्पष्ट आहे: कोल्हापूरच्या शिक्षणातली सगळ्यात महत्त्वाची वास्तू कोणती असं विचाराल तर ती कॉलेजची नाही, वसतिगृहाची. हे मनात धरूनच दुसऱ्या दिवशी विद्यापीठात चला.

माळावरचं विद्यापीठ

विद्यापीठ निघायच्या आधी दक्षिण महाराष्ट्रातली कॉलेजं पुण्याला जोडलेली होती, त्याच्या आधी मुंबईला. आपल्या भागाचं स्वतःचं विद्यापीठ हवं ही मागणी जुनी होती. यशवंतराव चव्हाण आणि बाळासाहेब देसाई यांनी ती लावून धरली. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. तारीख नीट पाहा. चीनशी युद्ध चालू होतं, आणि त्याच दिवसांत यशवंतराव मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. अशा धामधुमीत उद्घाटन पुढं ढकललं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. ते ठरल्या दिवशी पार पडलं, याचं आम्हाला आजही मोठं अप्रूप वाटतं.

पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. इतिहासाचे अभ्यासक. त्यांच्या हाती आला तो शहराबाहेरचा सागरमाळाचा उघडा भाग. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जी सावली मिळते, ती मुद्दाम लावलेल्या आणि जगवलेल्या झाडांची आहे. सुरुवातीला विद्यापीठाच्या कक्षेत सोलापूरही होतं. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं, आणि आता कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे इथं जोडलेले आहेत.

पुतळा आणि मुख्य इमारत

मुख्य इमारतीसमोर छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. पुण्याचे शिल्पकार बी. आर. खेडकर यांनी तो घडवला आणि १९७४ मध्ये तो इथं उभा राहिला. बहुतेक लोक समोरून फोटो काढतात आणि निघतात. आम्ही तुम्हाला पुतळ्याभोवती पूर्ण फिरायला सांगणार आहोत, तेही सावकाश. ब्राँझचे एवढे मोठे पुतळे एका ओतीत होत नाहीत. आधी मातीत नमुना, मग त्याचे साचे, मग वेगवेगळे भाग ओतायचे, ते जोडायचे, आणि जोड दिसू नयेत म्हणून घासत बसायचं. घोड्याचा आणि स्वाराचा सगळा भार थोड्या जागेवर तोलायचा असतो. म्हणून घोड्याचे पाय आणि चौथऱ्याला टेकलेली जागा आधी बघा, मग नजर वर न्या. शिल्पकाराची करामत खालीच कळते.

मुख्य इमारतीत प्रशासनाची कार्यालयं आणि राजर्षी शाहू सभागृह आहे. कामाच्या दिवशी ही इमारत आपण बाहेरूनच पाहतो. इथं तिन्ही जिल्ह्यांतून मुलं कागद घेऊन येतात, त्यांच्या रांगेत आपली गर्दी नको.

ग्रंथालय

इथून पुढं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय. खर्डेकर हे पहिल्या लोकसभेत कोल्हापूरकडून निवडून गेलेले खासदार. पुस्तकांबरोबर इथं जुन्या हस्तलिखितांचाही संग्रह आहे. पण आम्हाला तिथं थांबावंसं वाटतं ते अभ्यासिकेमुळं. सकाळी लवकर पाठीवर सॅक, हातात डबा आणि पाण्याची बाटली घेऊन पोरं-पोरी जागा धरायला येतात. कुणी पीएच.डी.चं, कुणी स्पर्धा परीक्षेचं. दाराशी आपण दोन मिनिटं थांबतो, आवाज न करता. आत जायचं असेल तर ग्रंथालयाची परवानगी लागते. अभ्यासक पाहुण्यांनी आठवडाभर आधी सांगितलं तर अर्ज करायला आम्ही मदत करतो.

खांडेकरांच्या वस्तू

वि. स. खांडेकर यांचं स्मृती संग्रहालय याच परिसरात आहे, हे खुद्द कोल्हापुरातल्याही अनेकांना माहीत नसतं. सांगलीत १८९८ मध्ये जन्मलेले भाऊसाहेब कोकणात शिरोड्याला शिक्षक होते, मग कोल्हापूरला आले आणि इथलेच झाले. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. मराठीला मिळालेलं ते पहिलं ज्ञानपीठ. उतारवयात त्यांची दृष्टी गेली होती, तरी लिहिणं थांबलं नाही. ते सांगायचे आणि दुसरं कुणी उतरवून घ्यायचं. संग्रहालय कार्यालयीन वेळेत उघडतं, म्हणून ज्यांना आतून बघायचं आहे त्यांच्यासाठी फेरीचा शेवट आम्ही तिथं करतो. रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी ते पाहायला मिळेल असं आम्ही कबूल करत नाही.

कमवा आणि शिका

इथं आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबतो. इमारत म्हणाल तर साधी आहे, फोटो काढावा असं काही नाही. ‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुलं दिवसातले काही तास विद्यापीठातच काम करतात, कार्यालयात, ग्रंथालयात, बागेत, आणि त्यावर आपलं शिक्षण पुरं करतात. घरची गरिबी आहे म्हणून कॉलेज सुटू नये, एवढाच त्यामागचा विचार.

आता दसरा चौक आठवा. तिथल्या जैन बोर्डिंगात राहून भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी राजाराम हायस्कूलला जात होता. पुढं त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका वसतिगृहात, एका पंगतीला बसवलं आणि श्रम करून शिकण्याची रीत महाराष्ट्राला घालून दिली. लोक त्यांना कर्मवीर म्हणू लागले. बोर्डिंगपासून कर्मवीरांपर्यंत आणि तिथून विद्यापीठातल्या या योजनेपर्यंत हा एकच रस्ता आहे. आमच्या फेऱ्यांना या योजनेतून शिकून मोठ्या हुद्द्यावर गेलेली माणसं आपल्या मुलाबाळांना घेऊन येतात. आपली खोली कुठली होती ते हात करून दाखवतात, आणि मग आम्हाला काही बोलावं लागत नाही. तुमच्यापैकी कुणी असं असेल तर आधीच सांगा, तिथं बोलायचा मान तुमचा.

वसतिगृह हे मुलांचं घर आहे. मुलांचं असो की मुलींचं, आपण बाहेरच्या रस्त्यावर थांबतो, आत डोकावत नाही, कॅमेरा काढत नाही.

पाणी, मोर आणि एक लहानसं फूल

परिसर उंचसखल आहे, त्यामुळं पावसाचं पाणी उताराला धावतं. ते जागोजागी अडवून तळी केली आहेत आणि परिसराला त्याचा उपयोग होतो. विद्यापीठाच्या लगतच राजाराम तलाव आहे. सकाळच्या वेळी मोरांचे आवाज येतात, नशीब असेल तर रस्ता ओलांडताना दिसतातही. खायला काही टाकू नका. संगीत आणि नाट्यशास्त्र विभागाकडून कधी रियाजाचे सूर येतात. त्यासाठी थांबायचं की नाही ते त्या दिवशीच्या मंडळींवर सोडतो.

वनस्पतिशास्त्र विभागाची बाग मात्र चुकवू नका. सह्याद्रीतल्या दुर्मिळ वनस्पती जपण्याचं काम इथं बरीच वर्षं चाललंय आणि त्यात कंदीलपुष्पाला मोठा मान आहे. या कुळातल्या कित्येक जाती पश्चिम घाटाबाहेर जगात कुठंच नाहीत. फूल बोटाएवढं, नळीसारखं, तळाशी फुगीर. वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून कंदिलाची जाळी तयार होते. वासानं चिलटासारखी बारीक माशी आत शिरते. नळीत खाली वळलेले केस असतात, त्यामुळं आत जाता येतं, बाहेर पडता येत नाही. काही वेळानं केस सुकतात, फूल कलतं आणि माशी परागकण घेऊन सुटते, दुसऱ्या फुलाकडं जाते. झाडाचे कंद गोड म्हणून लोक उकरून खातात, गुरं चरतात, माळ नांगरले जातात. म्हणून जपायला बाग लागते. फुलं पावसाळ्यात येतात, साधारण जुलै ते सप्टेंबर. बागेत प्रवेश विभागाच्या परवानगीनं मिळतो, तो आम्ही आधी विचारून ठेवतो. पानाला, फुलाला हात लावायचा नाही, लहान मुलांनाही हे घरूनच सांगून आणा.

काही विनंत्या

ओळखपत्र जवळ ठेवा, प्रवेशद्वारावर विचारू शकतात. परीक्षेच्या आणि दीक्षान्ताच्या दिवसांत फेरी नसते. ड्रोन आणू नका. पाण्याची बाटली आणा, प्लास्टिकचा कचरा परत घरी न्या. पायात रोजची चप्पल चालेल, पण पावसाळ्यात शेवाळ धरतं, तेव्हा बूट बरे. उन्हाळ्यात टोपी हवीच.

शाळेची सहल आणायची असेल तर एका वेळी पंचवीसच मुलं घेतो, सोबत दोन शिक्षक हवेत. विद्यापीठाची लेखी परवानगी शाळेच्या नावानं काढावी लागते, तिचा मसुदा आमच्याकडे तयार आहे.

नाष्टा फेरीच्या पैशांत धरलेला नाही. फेरी संपल्यावर मिसळ खायची असेल तर आम्ही बरोबर येतो. झणझणीत नको असेल तर तसं आधी सांगा, कट वेगळा मागवू.

आदल्या रात्री आठपर्यंत कळवलंत तर नोंदणीचे पैसे पूर्ण परत. सकाळी पाऊस लागला तर अर्धा तास प्रवेशद्वारापाशी वाट बघतो, नाही थांबला तर तुमच्या सोयीचा दुसरा दिवस देतो.