द्राक्षकाडीतली साखर आणि द्रावकाचा पेच

एप्रिलची खरड छाटणी झाली की निफाड-दिंडोरीकडे बांधाबांधावर द्राक्षकाड्यांचे ढीग पडतात. काही सरपणाला जातात, काही जागच्या जागी पेटतात. त्यापासून इथेनॉल करायची चर्चा अधूनमधून होते आणि लगेच दरावर घसरते. खरी गाठ रसायनात आहे.

काडीतले सेल्युलोज म्हणजे साखरेची लांब साखळी; ती तोडून सुटी झालेली साखर आंबवली की इथेनॉल होते. ही साखळी फोडणारी एन्झाइम (क्रिया घडवणारी प्रथिने) उद्योगाला मिळाली ती मुख्यतः ट्रायकोडर्मा रीसी या बुरशीमुळे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर कुजलेल्या लष्करी कापडातून ती हाती लागली. या एन्झाइमची ताकद आजही फिल्टर पेपरवर, ५० अंश सेल्सिअसला, पाण्यात मोजतात. फिल्टर पेपरमध्ये लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारे आणि सेल्युलोजला बिलगलेले द्रव्य, नसते. काडीत भरपूर असते. ते सोडवायला द्रावक लागतो आणि काडीत उरलेला द्रावक एन्झाइमभोवतीचे पाणी हिसकावतो, त्याची घडी विस्कटतो. द्रावक म्हणून इथेनॉलच वापरले तर ते ७८ अंशांना उकळून निघून जाते, म्हणून तिथे फारसे अडले नाही.

अडले ते आयनिक द्रवांपाशी. हे कमी तापमानालाही द्रव राहणारे क्षार. ते सेल्युलोज चक्क विरघळवतात, हे २००२ मध्ये पुढे आले. वर पाणी ओतले की पांढरट, भुसभुशीत साका खाली बसतो आणि एन्झाइम तो झपाट्याने फोडते. वाफ होत नाही म्हणून त्यांना ‘हिरवे द्रावक’ म्हणून डोक्यावर घेतले गेले. पण २००३ मध्येच दिसले, की त्यातला एक क्लोराइड क्षार रीसीच्या सेल्युलेजला, म्हणजे सेल्युलोज फोडणाऱ्या एन्झाइमला, निकामी करतो. शिवाय जे उडत नाही ते उकळून काढताही येत नाही.

मग दोन तट पडले. एक म्हणतो, साका धुऊन काढा, नेहमीचेच एन्झाइम वापरा. दुसरा म्हणतो, उष्ण किंवा खारट जागी वाढणाऱ्या जिवाणूंची चिवट एन्झाइम आणा आणि द्रावक न धुताच सगळे एकाच भांड्यात उरका. पहिल्या तटाला वर्षानुवर्षे जरा जास्तच मान मिळाला, कारण प्रयोगशाळेत पाणी मोजत कोण बसतो? धुणे एकदा भागत नाही, आणि महागडा द्रावक परत मिळवायचा तर तेच पाणी पुन्हा आटवावे लागते. चांदवड-येवल्याकडे टँकर सुरू होतात नेमके काड्या पडतात त्या दिवसांत. इथे हा हिशेब कागदावरही जुळत नाही.

पानिपतला २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना देशाला अर्पण झाला. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले, तेव्हा त्याचे दाखले आपल्याकडेही दिले गेले. पेंढा मऊ असतो, द्राक्षकाडी लाकूड. तो अनुभव जसाच्या तसा इथे लावता येत नाही.

एका भांड्याच्या वाटेवर नंतर कोलीन आणि अमिनो आम्लांचे सौम्य द्रावक आले. ते अल्कधर्मी, तर एन्झाइमला पीएच (आम्ल-अल्कपणाचे माप) ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल, हवा. आम्ल ओतावे तर क्षार साचतात, द्रावक परत मिळवणे अवघड होते. म्हणून दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरवायचे प्रयोग झाले. दाब सोडला की तो वायू निघून जातो.